उशीखालची किल्ली

गल्लीत त्यांना सगळे किल्लेदारीणबाई म्हणत. समोर नाही, पाठीमागे. पण बाईंचे कान तिखट, त्यामुळे पाठीमागचंही त्यांना पोचत असे, आणि खोटं कशाला बोला, मनातून त्यांना ते आवडतही असे. मोठ्या रुग्णालयाचं भांडार त्यांनी नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. चादरी, ब्लँकेटं, साबण, स्पिरिट, थर्मामीटर, सगळं त्यांच्या कुलपाखाली. कमरेच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा असे. तो लांबून वाजला की वॉर्डातल्या आया हातातला चहा लपवून उभ्या राहत. निरोपाच्या समारंभात मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई गेल्यावर आम्हाला कळेल आपल्याकडे कुलपं किती आहेत ते." सगळे हसले. बाईंनी ती स्तुतीच समजली.

नोकरी संपली, पण सवय कुठली संपायला? ती बाईंबरोबर घरी आली. साखरेच्या कपाटाला कुलूप, चादरींच्या कपाटाला कुलूप, औषधांच्या खणाला कुलूप. कुणाला काही हवं असलं तर मागायचं. बाई किल्ली देत आणि काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहत. काम झालं रे झालं की हात पुढे करून म्हणत, "किल्ली कुठंय? हातात द्या, वर ठेवू नका!" हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं जाई की भिंतींनाही ते पाठ झालं असावं.

आणि आतल्या कड्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. वॉर्डातल्या खोल्यांना आतून कडी नसते. एका वॉर्डात कुणीतरी चुकून ती बसवली, एक म्हातारा आत पडला, दार आतून बंद, आणि दार फोडून आत जाईपर्यंत फार उशीर झाला. बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी येऊन स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खोल्यांच्या आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. न्हाणीघराचीसुद्धा! आत कुणी असलं तर दाराबाहेर चप्पल काढून ठेवायची, असा नियम केला. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी सासूने तिला चपलेचा नियम समजावला. सून "हो, आई" म्हणाली. ती बहुतेक गोष्टींना "हो, आई"च म्हणे, म्हणून बाईंना सून फार गुणी वाटे.

घरात चौघंच. बाई, नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, कानाने अधू असे त्यांचे यजमान, मुलगा, जो कंपनीच्या बसने कामावर जाई, आणि सून, जी घरूनच कुणाकुणाचे हिशेब संगणकावर करी. यजमानांचा दिवस वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवण्यात जाई. ऐकू कमी येत असल्यामुळे ते या घरातले सगळ्यात सुखी गृहस्थ होते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी गाडी घेतली आणि हट्टाने चालवायलाही शिकल्या. गाडी घेतानाच त्यांना पहिला धक्का बसला. विकणाऱ्याने हातात काळा गुळगुळीत गोटा ठेवला आणि म्हणाला, "ही किल्ली."

"ही?" बाईंनी तो गोटा उलटापालटा केला. "हिला दात कुठे आहेत?"

"दात लागत नाहीत, मॅडम. ही नुसती जवळ असली की झालं. हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी सुरू."

बाईंना हे अजिबात पटलं नाही. जन्मभर ज्या बाईने किल्ली भोकात घालून, फिरवून, वर कुलूप ओढून बघितलं, तिला नुसतं "जवळ असणं" कसं पुरणार? पण गाडी तर आवडली होती. मग त्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. दुसरी किल्ली मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपाआड गेली, आणि ही पहिली दिवसा कमरेला आणि झोपताना उशीखाली. भांडाराच्या किल्ल्याही त्या अशाच घेऊन झोपत. गाडी ओसरीत उभी राही, बाईंच्या खोलीच्या भिंतीला अगदी खेटून. भिंतीच्या अलीकडे उशी, पलीकडे गाडीचं दार. राखणीला यापेक्षा चांगली जागा कुठली? दुपारी जेवण झालं की गाडीला कुलूप लागल्याचा आवाज ऐकायचा, उशीखाली किल्ली सरकवायची आणि निवांत घोरायचं, असा त्यांचा क्रम ठरून गेला.

फक्त एक कुरकुर होती. किल्लीतला सेल टिकत नसे. एक घातला की थोडे आठवडे जात, आणि पुन्हा गाडीच्या पडद्यावर सेल संपत आल्याची पिवळी खूण. बाजारातल्या घड्याळवाल्याकडे बाईंच्या सारख्या खेपा होत.

त्याच दिवसांत घरात दुसरंच काहीतरी शिजत होतं. एका सकाळी चहा पिताना मुलगा कपात बघत म्हणाला, "आई, आम्ही एक घर बघितलंय. भाड्याचं. रविवारी पुन्हा बघायला जाणार आहोत."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं. तिला थोडी जागा हवी आहे."

"जागा? चार खोल्या आहेत! माणसं चार! अजून केवढी जागा लागते एका बाईला?"

मुलाने कप खाली ठेवला आणि बस गाठायला उठला. सून स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. यजमानांनी कोड्यातून डोकं वर काढून विचारलं, "काय झालं?" बाईंना दिवसभर घास गोड लागला नाही. एकुलता एक मुलगा. आणि वाद नाही, भांडण नाही, आवाज चढलेला नाही, मग घर सोडायचं कशासाठी? त्यांनी आपल्या सगळ्या वागण्याची मनातल्या मनात झडती घेतली आणि त्यात काही सापडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी त्या यजमानांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बाहेर आल्या तर गाडी उघडेना. हँडल ओढलं, गोटा दाबला, गोटा तळहातावर आपटला, काही नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसलेली माणसं बघू लागली. कमरेला जुडगा, जुडग्यात घरातल्या प्रत्येक कपाटाची किल्ली, आणि नेमकी जी हवी ती मेलेली! असा प्रसंग बाईंवर आयुष्यात आला नव्हता. कानाच्या मशीनमुळे नुकतंच बरं ऐकू येऊ लागलेले यजमान म्हणाले, "अरे वा, तू किती मोठ्याने ओरडतेस गं!"

यजमानांना पायरीवर बसवून बाई तरातरा घड्याळवाल्याकडे गेल्या आणि गोटा त्याच्या काउंटरवर ठेवला. "शिळे सेल विकता का हो? मी तुमच्याकडे विश्वासाने येते."

घड्याळवाला शांत माणूस. त्याने गोट्याची कड नखाने दाबली आणि पोटातून एक लहानशी धातूची किल्ली सर्रकन ओढून काढली. दात असलेली.

बाई बघतच राहिल्या. "ही... आत होती?"

"असतेच, मावशी. सेल संपला तर दार उघडायला." त्याने नवा सेल बाईंसमोर पाकीट फोडून घातला. "सेल शिळा नाही. एकदा घातला की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. तुम्ही किल्ली ठेवता कुठे?"

"कुठे म्हणजे? उशीखाली."

"आणि गाडी?"

"भिंतीपलीकडे. उशाशीच."

घड्याळवाला हसला. "मग बरोबर आहे. गाडी सारखी विचारत असते, आहेस का जवळ? आणि किल्ली सारखी सांगत असते, आहे, आहे. लांब ठेवलं की दोघी गप्प बसतात. तुम्ही दोघींना उशाशी घेऊन झोपता, मग त्या बोलत बसतात नि सेल संपतो. स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात ठेवा."

एवढंच असतं तर बाई आभार मानून घरी गेल्या असत्या. पण तो पुढे म्हणाला, "आणि मावशी, दुसरंही आहे. किल्ली एवढी जवळ असली की गाडीला वाटतं मालक दाराशीच उभा आहे. हँडलला कुणीही हात लावला तरी दार उघडतं."

"कुणीही?"

"कुणीही."

बाईंनी गोटा उचलून मुठीत घट्ट धरला. गाडीपाशी परत आल्या तेव्हा धातूच्या किल्लीची गरजच उरली नव्हती, गाडी आता हाताला उघडत होती. घरी पोचताच गाडीला कुलूप लावलं, आत गेल्या, किल्ली उशीखाली ठेवली आणि खिडकीतून यजमानांना म्हणाल्या, "अहो, जरा गाडीच्या हँडलला हात लावा."

यजमानांनी हात लावला. टक्. दार उघडलं.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. इतके महिने, रोज दुपारी, रोज रात्री, त्या डोक्याखाली किल्ली घेऊन झोपत होत्या आणि त्या झोपल्या म्हणूनच गाडी सताड उघडी होती! जागेवरून उठून किल्ली घेऊन त्या बाजारात गेल्या असत्या तर गाडी सुरक्षित राहिली असती. ज्या बाईच्या भांडारातून कधी एक सुई हलली नाही, तिने आपल्या हाताने चोराला दार उघडून दिलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

मग त्यांनी गाडीची झडती घेतली, भांडारात घेत तशी, वरून खाली. आणि पुढच्या, यजमानांच्या सीटखाली हात घातल्यावर दुसरा धक्का बसला. तिथे एक छोटी उशी होती. बैठकीच्या खोलीतली, पिवळ्या काठाची, जी हरवली म्हणून त्यांनी सगळ्यांना विचारून झालं होतं. उशीमागे बिस्किटांचा अर्धा पुडा, नीट दुमडून रबर लावलेला. सीट मागे सरकवलेली. म्हणजे चोर नुसता गाडीत येत नव्हता, घरातही येत होता! उशी नेत होता! आणि मग मजेत बिस्किटं खात पडत होता!

"पोलिसांना सांगू या," त्या म्हणाल्या.

यजमान उशीकडे बघून म्हणाले, "काही चोरीला गेलंय का?"

"उशी!"

"ती तर इथेच आहे," ते म्हणाले आणि ओसरीतल्या खुर्चीत जाऊन कोडं घेऊन बसले. बाईंना वाटलं, मशीन कानाला लावलं पण डोक्याला काही लावायचं राहिलं.

पोलिसांआधी चोर आपण पकडायचा, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने जांभई दिली, खोलीत गेल्या, पण किल्ली मात्र आधीच स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात टाकून आल्या होत्या. आता गाडी खरोखर बंद होती. चोर हँडल ओढेल, दार उघडणार नाही, तो गोंधळेल, आणि मग आपण! पडदा बोटभर बाजूला करून त्या खिडकीशी बसल्या.

ओसरीचं दार वाजलं. सून बाहेर आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात फोन.

बाईंना वाटलं, बरं झालं, ही साक्षीला आहे. तेवढ्यात सून गाडीपाशी गेली आणि तिने सवयीने, न बघता, हँडलला हात लावला. दार उघडलं नाही. तिने पुन्हा लावला. मग पेला टपावर ठेवून दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग पलीकडच्या दाराशी गेली आणि तिथेही तेच. गाडीचं कुलूप दुपारी आपोआप सुस्तावतं असं तिला वाटत असावं, आणि आज ते का सुस्तावलं नाही हे तिला समजत नव्हतं. तिने काचेला कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली.

चोर घरातला होता, याचा धक्का होताच. पण खरा धक्का त्यानंतर बसला. सून काचेपासून मागे झाली. डोळे पुसले, केस सारखे केले, आणि मग तिने चेहरा बदलला. बाईंनी तो बदलताना बघितला. घरात यायच्या आधी तिने तो रोजचा, शांत, "हो, आई" वाला चेहरा लावला आणि मग ती आत आली. बाई चार वर्षं ज्या चेहऱ्याला सून समजत होत्या, तो ती दाराबाहेर लावून येत होती.

किती वेळ त्या तिथे बसल्या कोण जाणे. मग उठल्या. त्या ओसरीत गेल्या. यजमान कोडं सोडवत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"गाडी आली त्या उन्हाळ्यापासून. मी रोज इथेच तर बसतो. ती आत बसते, आतून दार लावते, थोडा वेळ फोनवर बोलते, कधी नुसती डोळे मिटून पडते. मग येते."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तू किल्ली हलवली असतीस."

आणि बाईंनी किल्ली हलवली होतीच.

*आतून दार लावते.* एवढंच डोक्यात घुमत राहिलं. चार खोल्यांचं घर, त्यात आठ-नऊ कुलपं, आणि सगळी बाहेरून. त्या पोरीला आतून लावता येईल असं एकच दार या घरात होतं, आणि ते गाडीचं होतं. तेही चुकून. एवढी जागा हवी होती तिला! दाराच्या एका कडीएवढी! बाईंना रडू आलं, आणि आपण रडतोय याचाही त्यांना धक्काच बसला, कारण रुग्णालयात त्या कधी रडल्या नव्हत्या.

मग त्या उठल्या. लोखंडी कपाट उघडून खालच्या खणातून एक डबा काढला. काढलेल्या कड्या त्यांनी टाकल्या थोड्याच असणार! प्रत्येक कडी आपल्या स्क्रूंसह वेगळ्या पुडीत, पुडीवर खोलीचं नाव. त्यांनी "मुलाची खोली" लिहिलेली पुडी घेतली आणि स्क्रूड्रायव्हर शोधला.

सून संगणकासमोर बसली होती. सासूला हत्यार घेऊन दारात बघून ती दचकून उभी राहिली. "आई? काय झालं?"

"काही नाही. तू बस."

भोकं लांबी भरून बुजवली होती, ती उकरावी लागली. स्क्रू वाकडे जात होते. सून जवळ आली, काही न विचारता तिने कडी धरून ठेवली आणि बाईंनी शेवटचा स्क्रू पिळला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"आतून लावून बघ. बसते का ते," बाई बाहेर जाऊन म्हणाल्या.

"आई, कशाला पण..."

"बघ तर."

दार लागलं. खट्. बाईंच्या तोंडासमोर, त्यांच्याच घरात, आतून. त्यांना तो आवाज कानशिलात बसल्यासारखा लागला. "बसली, आता उघड," हे शब्द जिभेवर आले होते. बाईंनी ते गिळले. आतून काहीच येत नव्हतं, ना पाऊल, ना शब्द. दार आपण होऊन उघडेल म्हणून त्या थांबल्या. ते उघडलं नाही.

मग आत फोन लावल्याचा आवाज आला आणि सून हळू आवाजात म्हणाली, "ताई? अगं, गाडीत नाहीये. खोलीत. कडी लावून! नाही, थट्टा नाही करत... त्यांनी स्वतःच लावून दिली." मग ती म्हणाली, "घर? रविवारचं बघू गं. आधी हे काय झालंय ते मला कळू दे." आणि मग पलीकडून ताईने काही विचारलं असावं, कारण सुनेने घसा खाकरला आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात, त्याच ठसक्यात, म्हणाली, "किल्ली कुठंय? हातात द्या, वर ठेवू नका!"

आणि ती हसली. मोठ्याने, घशातून, अडखळत, पुन्हा पुन्हा.

बाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. असं आपण बोलतो? इतकं? आणि हे हसणं, हे या घरात कुठे होतं इतकी वर्षं? त्यांचा हात सवयीने कमरेला गेला. किल्ली तिथे नव्हती, डब्यात होती, आणि तिचा त्यांना त्या क्षणी विसरच पडला होता.

यजमान ओसरीतून आत आले. मशीनच्या कृपेने त्यांना आज सगळं ऐकू येत होतं. ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय गं, कोण एवढं हसतंय?"

बाईंनी झटकन वळून ओठांवर बोट ठेवलं.

"शू! हळू बोला," त्या कुजबुजल्या. "तिला वाटेल, कुणीतरी ऐकतंय."